शेवटच्या थांब्यावरचे चित्रपट

मुंबईत गाजलेला चित्रपट आपल्या तालुक्याच्या गावी कधी लागणार, हा एकेकाळी मोठ्या उत्सुकतेचा प्रश्न असे. जिल्ह्याच्या गावी तो काही महिन्यांनी येई, तालुक्याला वर्ष-दोन वर्षांनी, आणि जत्रेतल्या तंबूत येईपर्यंत त्यातली गाणी जुनी झालेली असत. तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर कथेतल्या पावसाखेरीज आणखी एक पाऊस दिसे. तो असे फिल्मवर पडलेल्या ओरखड्यांचा.

हा उशीर केवळ गैरसोयीचा होता असे आपण धरून चालतो. पण चित्रपटांच्या इतिहासात या उशिरामुळेच काही अमूल्य गोष्टी वाचल्या आहेत. त्यांतली सर्वांत नवलाची हकीकत कॅनडाच्या अगदी वायव्य टोकाला असलेल्या डॉसन या गावाची आहे. ती समजून घेण्यासाठी आधी चित्रपट उशिरा का पोहोचत असे ते पाहू.

चित्रपट म्हणजे एक वस्तू

आज चित्रपट म्हणजे आकड्यांची एक लांबलचक मालिका आहे. तिच्या हव्या तितक्या प्रती क्षणात काढता येतात. पण शंभराहून अधिक वर्षे चित्रपट ही हातात धरता येणारी, वजन असलेली वस्तू होती. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर एका फुटात १६ चित्रे मावतात. बोलपटात दर सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर येतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट पट्टी प्रक्षेपकातून सरकते. अडीच तासांच्या हिंदी चित्रपटाला १३,५०० फूट, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक लांब पट्टी लागते. ती हजार-हजार फुटांच्या रिळांवर गुंडाळून पत्र्याच्या डब्यांतून न्यावी लागे.

अशी प्रत काढणे खर्चाचे काम होते. त्यामुळे वितरक मोजक्याच प्रती काढत आणि त्याच फिरवत. पहिला मान मोठ्या शहरांतल्या मोठ्या चित्रपटगृहांचा. तेथला धंदा ओसरला की प्रत लहान शहरांत जाई आणि तिचे भाडे उतरे. मग त्याहून लहान गाव, मग त्याहून स्वस्त. आपल्याकडे या धंद्याने देशाचे विभाग पाडले होते. त्यांत विदर्भ 'सी.पी.-बेरार'मध्ये आणि मराठवाडा 'निजाम'मध्ये मोडे. ते प्रांत आणि ते संस्थान नकाशावरून गेल्यावरही ही नावे वितरकांच्या वहीत कित्येक दशके टिकून राहिली.

प्रत्येक खेळाला पट्टी प्रक्षेपकाच्या दातेरी चाकांवरून जाते, तिच्या कडेची भोके झिजतात, धुळीचे कण तिच्यावर रेघा ओढतात. तुटली तर ती तेथेच कापून जोडतात आणि प्रत्येक जोडाला काही चित्रे कमी होतात. म्हणून ज्या गावाला चित्रपट सर्वांत शेवटी मिळे, त्याला तो सर्वांत झिजलेला आणि थोडा आखूड झालेलाच मिळे.

रांगेतले शेवटचे गाव

डॉसन गाव वसले सोन्यामुळे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये युकॉन नदीच्या खोऱ्यात, क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि दोन वर्षांत येथे हजारो माणसांची झुंबड उडाली. १८९८ मध्ये वस्ती तीस हजारांच्या घरात गेली. पुढच्याच वर्षी अलास्कात सोने सापडल्याची बातमी आली आणि गाव ओसरू लागले. १९२१ च्या सुमारास गावात हजार माणसेसुद्धा उरली नव्हती.

पण करमणूक हवी होतीच. गावात नाट्यगृहे होती आणि तेथे चित्रपट दाखवले जात. हे चित्रपट जहाजाने अलास्काच्या किनाऱ्यावर, तेथून आगगाडीने व्हाइटहॉर्सला आणि पुढे उन्हाळ्यात आगबोटीने युकॉन नदीतून डॉसनला येत. हिवाळ्यात नदी गोठली की घसरगाड्यांची वाट. त्यापुढे चित्रपट पाठवावा असे गावच नव्हते. वितरणाच्या रांगेत डॉसन अगदी शेवटचे. त्यामुळे मूळ प्रदर्शनानंतर दोन-तीन वर्षांनी चित्रपट येथे पोहोचत. केवळ कथापटच नव्हे, तर बातम्यांची रिळेसुद्धा तितकीच शिळी होऊन येत.

येथपर्यंत आलेल्या प्रतीचा परतीचा खर्च करायला वितरक तयार नसत. इतकी वर्षे चाललेल्या, रेघांनी भरलेल्या प्रतीची किंमत वाहतुकीच्या भाड्याइतकीही उरलेली नसे. मग रिळे गावातच राहू लागली. त्यांचा ताबा तेथल्या कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सच्या शाखेकडे असे आणि ती कार्नेगी ग्रंथालयाच्या तळघरात ठेवली जात. वर्षानुवर्षे ढीग वाढत गेला.

१९२९ मध्ये हा ढीग असह्य झाला. बँकेतले अधिकारी क्लिफर्ड थॉमसन हे गावच्या हॉकी संघटनेचे खजिनदारही होते. तेथल्या व्यायाम मंडळाच्या इमारतीत एक पोहण्याचा तलाव होता. हिवाळ्यात त्यावर फळ्या टाकून बर्फाचे मैदान करत, पण खाली तलाव असल्याने ते सपाट राहत नसे. तलाव भरून काढायला भराव हवा होता आणि रिळांना जागा हवी होती. थॉमसन यांनी दोन्ही अडचणी एकदम सोडवल्या. शेकडो रिळे तलावात टाकून वरून माती लोटण्यात आली. उरलेल्या रिळांपैकी बरीच नदीत फेकली गेली किंवा जाळली गेली.

हे वाचून कोणाला थॉमसन यांचा राग येईल. पण त्या वेळी बोलपट नुकतेच आले होते. मूकपट म्हणजे मुदत संपलेले तिकीट, असेच सगळे समजत होते. ज्यांनी ते बनवले त्यांचेही मत वेगळे नव्हते. युनिव्हर्सल कंपनीने १९४८ मध्ये आपल्याकडचे उरलेले मूकपट स्वतःच नष्ट केले.

कापूस, कापूर आणि आग

रिळे जाळली किंवा गाडली जात, यामागे आणखी एक कारण होते. ती जवळ बाळगणे धोक्याचे होते. हे कळायला थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल.

फिल्मची पारदर्शक पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली की सेल्युलोजच्या साखळीवर नायट्रेट गट जोडले जातात. हे गट जास्त जोडले गेले तर तयार होतो तोफखान्यात वापरला जाणारा स्फोटक कापूस. थोडे कमी जोडले गेले तर पदार्थ विरघळवून त्याच्या पातळ पट्ट्या करता येतात. त्या लवचीक राहाव्यात म्हणून त्यांत कापूर घालत, तोच आपल्या देवघरातला. अमेरिकेत ईस्टमन यांनी १८८९ पासून अशी फिल्म बाजारात आणली. पुढे सुमारे साठ वर्षे जगातले बहुतेक सर्व चित्रपट या पट्टीवरच छापले गेले.

स्फोटकाच्या या चुलतभावाचे दोन दुर्गुण होते. पहिला आगीचा. एखादी वस्तू जळताना हवेतला प्राणवायू घेते, म्हणून आपण वाळू टाकून किंवा घोंगडी गुंडाळून आग विझवतो. नायट्रेट गटात मात्र प्राणवायू रेणूतच बांधलेला असतो. त्यामुळे ही फिल्म एकदा पेटली की वाळूखाली आणि पाण्याखालीही जळत राहते.

दुसरा दुर्गुण सावकाश काम करणारा आहे. हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने नायट्रेट गट सुटू लागतात. त्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि पाण्याशी संयोग पावून नायट्रिक आम्ल तयार होते. हे आम्ल उरलेल्या नायट्रेटचे विघटन आणखी वेगाने घडवते. म्हणजे विघटनातून निर्माण झालेला पदार्थच विघटनाला उत्तेजन देतो. चित्र आधी फिके पडते, मग पट्टी चिकट होते, तिच्यावर फोड येतात आणि अखेर डब्यात तपकिरी भुकटी उरते. असे कुजत चाललेले रीळ सुमारे ४० अंश सेल्सियस तापमानात बराच काळ राहिले तर आपोआपही पेटू शकते. नागपूर-चंद्रपूरकडच्या शिक्षकांना हे तापमान किती ओळखीचे आहे ते सांगायला नको.

१९४८ पासून सहज न पेटणारी सेल्युलोज ट्रायॲसिटेटची फिल्म आली आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी नायट्रेट फिल्मचे उत्पादन थांबले. पण तोवरचा सारा वारसा या पेटत्या, कुजत्या पट्टीवर होता.

गोठलेला तलाव

डॉसनची जमीन वरचा थोडा थर सोडला तर बारा महिने गोठलेली असते. तलावात गाडलेली रिळे या गोठलेल्या मातीत अडकून पडली. स्थानिक लोक सांगत, की कधीकधी मैदानाच्या बर्फातून फिल्मची टोके वर येत आणि मुले ती पेटवून गंमत पाहत. यापलीकडे कोणी लक्ष दिले नाही.

१९७८ च्या उन्हाळ्यात त्या जागी नवे बांधकाम करायचे ठरले. खोदयंत्राच्या फाळाबरोबर मातीतून रिळे वर आली. पार्क्स कॅनडाचे मायकेल गेट्स, डॉसन संग्रहालयाच्या कॅथी जोन्स आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे सॅम कुला यांनी त्यांचे महत्त्व ओळखले. एकेक रीळ मातीतून सोडवण्यात आले. एकूण ५३३ रिळे वाचली. ती ३७२ वेगवेगळ्या चित्रपटांची आणि बातमीपटांची होती.

आता खरी कसोटी होती. एकोणपन्नास वर्षे गोठलेली रिळे उन्हाळ्याच्या हवेत आली होती. बर्फ वितळून पाणी आत झिरपले की चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुटतो. म्हणून रिळे घाईने थंड जागी हलवावी लागली. शिवाय ती नायट्रेटची असल्याने नेहमीच्या वाहतूक कंपन्या ती न्यायला तयार होईनात. अखेर कॅनडाच्या लष्करी विमानाने ती ओटावाला गेली. तेथे ती स्वच्छ करून सुरक्षित फिल्मवर त्यांच्या प्रती काढण्यात आल्या. अमेरिकी चित्रपटांची रिळे पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाकडे सोपवली गेली. या प्रतींत पट्टीच्या कडेने पांढऱ्या ज्वाळांसारखे डाग नाचताना दिसतात. पाण्याने जिलेटिन खाल्ल्याची ती खूण आहे. चौकटीचा मधला भाग मात्र पुष्कळ ठिकाणी स्वच्छ आहे.

गोठलेल्या जमिनीने नेमके काय केले? रासायनिक क्रियांचा वेग तापमान दर १० अंशांनी उतरले की साधारण निम्मा होतो, हा ढोबळ नियम आपण वर्गात सांगतो. तोच येथे लावून पाहू. पुण्याचे वर्षाचे सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास असते. डॉसनच्या मातीतले शून्य अंश धरू. फरक २५ अंशांचा, म्हणजे वेग अडीच वेळा निम्मा झाला. दोनाचा अडीचावा घात सुमारे ५.७ येतो. याचा अर्थ डॉसनच्या मातीतली ४९ वर्षे म्हणजे पुण्याच्या कपाटातली जेमतेम नऊ वर्षे! शिवाय पाणी बर्फाच्या रूपात बंदिस्त असल्याने आम्ल तयार होण्याला लागणारा ओलावाही कमी. ज्यांनी ही रिळे कचरा म्हणून टाकली, त्यांनी नकळत ती शीतगृहातच ठेवली होती.

काय सापडले?

या रिळांत १९१० च्या आणि १९२० च्या दशकांतले असे कितीतरी चित्रपट होते, ज्यांची दुसरी प्रत जगात कोठेही माहीत नव्हती. डग्लस फेअरबँक्स यांचा १९१६ सालचा 'द हाफ-ब्रीड' हा चित्रपट पुढे पुन्हा जुळवताना डॉसनच्या रिळांचा उपयोग झाला.

पण इतिहासाच्या शिक्षकांना बातमीपट अधिक मोलाचे वाटतील. १९१९ साली अमेरिकेत बेसबॉलच्या अंतिम मालिकेत शिकागोच्या संघातील आठ खेळाडूंनी सट्टेबाजांशी संगनमत केल्याचे प्रकरण गाजले आणि त्यांना खेळातून कायमचे हद्दपार करण्यात आले. या सामन्यांचे प्रत्यक्ष चित्रण डॉसनच्या एका बातमीपटात निघाले. त्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले २०१४ मध्ये, म्हणजे सामन्यांनंतर ९५ वर्षांनी. या साऱ्या हकीकतीवर बिल मॉरिसन यांनी २०१६ मध्ये 'डॉसन सिटी : फ्रोझन टाइम' हा अनुबोधपट केला.

या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत १०,९१९ पूर्ण लांबीचे मूकपट प्रदर्शित झाले. त्यांपैकी मूळ रूपात पूर्ण उरले आहेत फक्त १४ टक्के. कोठारांच्या आगीत काही गेले. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीचे कोठार जळाले. बाकीचे कुजले किंवा फेकले गेले.

डॉसन हा केवळ योगायोग म्हणावा, तर तसेही नाही. न्यूझीलंड हे असेच रांगेतले शेवटचे बेट. तेथूनही रिळे परत पाठवणे परवडत नसे. तेथल्या चित्रपट संग्रहालयात जॉन फोर्ड यांचा हरवलेला मानला जाणारा १९२७ चा 'अपस्ट्रीम' हा चित्रपट मिळाल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' बर्लिनमध्ये १९२७ साली प्रदर्शित झाला आणि लगेच कापून आखूड करण्यात आला. त्याचे कापलेले भाग २००८ मध्ये सापडले ते अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेस येथील संग्रहालयात. न कापलेली एक प्रत १९२० च्या दशकातच तिकडे गेली होती.

यातून एक सूत्र दिसते. राजधानीत एकच कोठार असते आणि ते जळाले की सारे जाते. दूरवर पसरलेल्या प्रती मात्र एकाच आगीत, एकाच पुरात किंवा एकाच माणसाच्या निर्णयाने नष्ट होत नाहीत. वनस्पतीचे बी वाऱ्याने दूर का पसरते, हे शिकवताना आपण हेच कारण देतो.

आपल्याकडे काय उरले?

भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट बनले. त्यांतले पूर्ण अवस्थेत उरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे तेवढे उरले. तेही १९१३ चे की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रणाचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईतच मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट तर पूर्ण नाहीसा झाला आहे.

आपल्याकडे रिळे तंबूंतून, जत्रांतून वर्षानुवर्षे फिरली, पण आपल्या रांगेच्या शेवटी गोठलेली जमीन नव्हती. उन्हाळा होता, पावसाळ्याची दमट हवा होती. शिवाय फिल्मवरचे चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते. तेव्हा दाखवण्याजोगे न उरलेले रीळ चांदी काढण्यासाठी विकणे हाच व्यवहार ठरला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे देशभरातून रिळे जमवली, फाळके यांच्या नाशिकच्या घरापर्यंत जाऊन. पण तोवर बहुतेक मूकपट संपले होते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच फिल्म संस्थेच्या आवारातल्या कोठारात नायट्रेट फिल्मला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची पुष्कळ रिळे भस्मसात झाली.

याउलट जे चित्रपट देशाबाहेर गेले त्यांतले काही वाचले. हिमांशू रॉय यांनी जर्मन कंपनीच्या साहाय्याने केलेले 'लाइट ऑफ एशिया' (१९२५) व 'शिराझ' (१९२८) युरोपातही प्रदर्शित झाले होते. ते टिकून राहिले. 'शिराझ' लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये नव्याने सिद्ध केला. कलकत्त्याच्या मदन कंपनीच्या १९१९ सालच्या 'बिल्वमंगल'चा काही भाग पॅरिसच्या संग्रहालयातून २०१६ मध्ये पुण्यात परत आला.

आता रांगच नाही

आज चित्रपट संगणकीय रूपात उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून पाठवला जातो. मुंबईत आणि तालुक्याच्या गावी तो एकाच शुक्रवारी लागतो. ही समता स्वागतार्ह आहे. पडद्यावर आता रेघांचा पाऊसही पडत नाही. पण ही फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली ठरावीक दिवसांनंतर चालेनाशी होते. खेळ संपला की गावात काहीच मागे राहत नाही. संगणकीय साठाही आपोआप टिकत नाही. डिस्क बिघडतात, त्या वाचणारी यंत्रे आणि आज्ञावल्या कालबाह्य होतात. रीळ पन्नास वर्षे विसरून गेले तरी उजेडासमोर धरून त्यात काय आहे ते कळते. पन्नास वर्षे विसरलेल्या डिस्कबद्दल असे म्हणता येत नाही. तिची नवी प्रत कोणीतरी आठवणीने काढत राहावी लागते.

वर्गात करण्याजोगे

या विषयावर विद्यार्थ्यांना एक सोपा प्रकल्प देता येईल. गावातल्या साठी ओलांडलेल्या दहा-पंधरा जणांना विचारावे : अमुक चित्रपट तुम्ही कोणत्या साली, कोठे पाहिला? लग्न, दुष्काळ, निवडणूक अशा खुणांवरून साल काढता येते. चित्रपटाचे मूळ प्रदर्शनाचे साल शोधून दोहोंतला फरक मांडावा. आडव्या अक्षावर मुंबईपासूनचे अंतर आणि उभ्या अक्षावर उशिराची वर्षे घेऊन शेजारच्या गावांतल्या शाळांनी मिळून आलेख काढला, तर रस्ता, रेल्वे आणि वीज आपल्या भागात केव्हा आली याचाही इतिहास त्यात दिसू लागेल.

दुसरे काम शाळेच्या कपाटातले. अनेक जुन्या शाळांत शैक्षणिक फिल्म-पट्ट्या, १६ मिलिमीटरची रिळे किंवा संमेलनांच्या ध्वनिफिती पडून असतात. १६ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची नसते, त्यामुळे आगीची भीती नको. पण डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेटचे जलविघटन होऊन ॲसिटिक आम्ल सुटू लागले आहे असे समजावे. असा डबा इतरांपासून वेगळा, कोरड्या आणि थंड जागी ठेवावा. मात्र ३५ मिलिमीटरचे जुने रीळ कोठे मिळाले तर ते उघडू, उलगडू किंवा पेटवून पाहू नये आणि चित्रपट संग्रहालयाला कळवावे. भंगारवाल्याला देण्यापूर्वी प्रत्येक डब्यावर काय लिहिले आहे ते मात्र वहीत उतरवून घ्यावे. त्यातले कोणते रीळ जगातले शेवटचे आहे, हे डब्याकडे नुसते पाहून डॉसनमध्येही कोणाला सांगता आले नव्हते.